आवाज बंद ठेवून जर्मन

आमच्या सरांशी भूममध्ये कुणी एक वाक्य धड पुरं बोललेलं मला आठवत नाही. दोष बोलणाऱ्याचा नसे. समोरच्याने चार शब्द टाकले न टाकले तोच सरांचा उजवा तळवा वर यायचा आणि ते म्हणायचे, "दम धर." मग डोळे बारीक करून त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे आणि त्याचं उरलेलं वाक्य स्वतःच सांगून मोकळे व्हायचे. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, आणि लोकांची खरी तक्रार तीच होती. एकदा बाजारात वांगी विकणारी बाई "दादा, कालच्याला..." एवढंच म्हणाली, तर सरांचा तळवा वर.

"दम धर. कालच्याला पाऊस झाला, माल कमी आलाय, असं म्हननार तू."

बाईने तराजू खाली ठेवला. "मग तुमीच बसा हितं अन् तुमीच इका. मी जाते घरी."

या माणसाने मला जर्मन शिकवली. आज मी जर्मनीतल्या एका इस्पितळात नर्स आहे, रोज तिथल्या डॉक्टरांशी त्यांच्याच भाषेत भांडते, आणि हे सगळं त्या तळव्यामुळे झालं. त्या तळव्याबद्दल एक प्रश्न मात्र मला दोन वर्षं छळत होता. तो सुटला, म्हणून हे लिहायला बसले.

क्लास एका खव्याच्या भट्टीच्या माडीवर होता. खाली सकाळपासून दूध आटत असायचं. जिना चढून वर येईपर्यंत केसांना, ओढणीला, वहीला खव्याचा वास लागायचा. उन्हाळ्यात फरशी अशी तापायची की सतरंजीबाहेर पाय ठेवायची सोय नव्हती. थंड देशात जायची तयारी करायला याहून वाईट जागा साऱ्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडली नसती. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता आणि तो सरांच्या घरचा होता. क्लास सुरू केला तेव्हा "चार दिवसांत परत आणतो" असं बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगून सरांनी तो उचलून आणला. त्या चार दिवसांची सहा वर्षं झाली. मग काकूच टीव्हीच्या मागोमाग क्लासात आल्या. मागच्या भिंतीला पाठ टेकून, पुढ्यात सूप घेऊन, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या.

"माझा टीव्ही जिथं, तिथं मी," त्या म्हणायच्या. जर्मन कळते का विचारलं तर, "मला काय कळतंय बाई त्यातलं. चित्रं बघते आपली."

सर आमची नावं लक्षात ठेवत नसत. गावावरून हाक मारायचे. मी ईटची, म्हणून मी ईट. तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटचा एक नर्सिंग झालेला मुलगा मामाकडे राहून क्लासला यायचा, तो जळकोट. त्याच्या घरी कानडी बोलायचे. "जळकोट, उठ. ईटला सांग तुझ्या दाढंत काय व्हतंय," असं सर म्हणाले की नवख्या माणसाला वाटायचं, दोन गावांचं काहीतरी बिनसलंय. याचं कारण सरांचा जुना धंदा. ते शिक्षक नव्हतेच मुळी. तीस वर्षं त्यांनी लग्नांची व्हिडिओ शूटिंग केली होती, आणि लग्नात कॅमेरेवाल्याला एवढंच पुरतं की नवरी कुठली आणि नवरदेव कुठला.

मी त्यांच्याकडे गेले ती तोंड लपवतच. बार्शीच्या एका खासगी दवाखान्यात मी नोकरीला होते. परदेशी नर्स पाठवणाऱ्या एका कंपनीने माझी निवड केली, पण जर्मन भाषेची बी-वन नावाची परीक्षा पास व्हायची अट घातली. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकाचं प्रमाणपत्र वेगळं. पहिल्या तिन्हींत मी पास झाले आणि बोलण्यात माझी दातखीळ बसली. म्हणजे शब्दशः बसली. पुण्याच्या त्या खोलीत मी परीक्षक बाईंच्या चष्म्याच्या दोरीकडे पाहत राहिले आणि वेळ संपली. कंपनीने कळवलं, आणखी एकदा बसा, तेव्हाही जमलं नाही तर तुमची जागा दुसऱ्या मुलीला देऊ. घरी वडील म्हणाले, "बोलणाऱ्याची माती खपती, न बोलणाऱ्याचं सोनं पडून ऱ्हातंय. या खेपंला न्हाय जमलं, तर आपलं वैशाखात बार उडवून टाकू." मला लग्नाचं वावडं नव्हतं. पण नापास झाल्याची शिक्षा म्हणून लग्न करणं माझ्या मनाला पटत नव्हतं. तेव्हा मावशीने सांगितलं, "आपले शूटिंगवाले जर्मन का काय शिकवतेत म्हनं."

पहिल्या दिवशी मी "सर, मी..." एवढंच म्हणाले.

"दम धर. ईटची तू. मावशीच्या लग्नात मांडवाची मेढ धरून रडायली व्हतीस, जिलबी संपली म्हनून. क्लिप हाय."

क्लिप खरंच होती. ती लावलीही. पंधरा अनोळखी माणसांसमोर, सहा वर्षांची मी, नाक वाहतंय, तोंड उघडं, आवाज बंद. सर वर्गाला म्हणाले, "ही काय म्हनायलीय? आधी मराठीत सांगा." माझं जर्मनचं शिक्षण हे असं सुरू झालं.

शूटिंगवाल्याला जर्मन कुठून आली, तर पवनचक्क्यांवरून. आमच्या माळावर त्या उभ्या राहत होत्या तेव्हा एक जर्मन इंजिनिअर आठ महिने इकडे राहिला होता. तो पोरांना काम शिकवायचा आणि सरांनी त्याचं शूटिंग करून छोट्या छोट्या क्लिप बनवायच्या, असं काम सरांना मिळालं. तोवर मोबाइलमुळे लग्नाची कामं आटली होती. सरांना जर्मनचा ओ की ठो कळत नव्हता. पण क्लिप कापायची तर वाक्य कुठं संपतं ते कळायला हवं, आणि त्या गृहस्थाचं वाक्य संपता संपत नसे. "आपलं मानूस निम्म्यात सोडून देतंय," सर सांगायचे. "जर्मन मानूस क्रियापद गाठीला बांधून ठेवतंय अन् शेवटाला सोडतंय. तवर कापायचं न्हाय. कापलं की गेलं." एकेक वाक्य शंभरदा मागेपुढे करता करता ते सरांच्या डोक्यात बसलं. इंजिनिअर परत गेला, पवनचक्क्या राहिल्या, आणि सरांच्या तोंडात जर्मन राहिली.

पण त्यांची शिकवायची तऱ्हा पवनचक्कीची नव्हती. ती लग्नाच्या मांडवातली होती. "तीस वर्षं मी लोकांस्नी बोलताना बघितलं," ते म्हणायचे, "ऐकलं कवाच न्हाय. वर गानं लावलेलं असायचं." ते खरंच होतं. लग्नाच्या कॅसेटमध्ये विहिणी भांडतात, मामा ओरडतो, भटजी खेकसतात आणि वर सनई वाजत राहते. रात्रंदिवस तेच कापताजोडता सरांना माणूस ऐकण्याआधी बघण्याची सवय लागली. "आधी खांदे बोलतेत. मग हात. मग भुवया. तोंड सगळ्यात शेवटी, अन् तेच सगळ्यात जास्त खोटं बोलतंय."

म्हणून वर्गात क्लिप लागायची ती आवाज बंद ठेवून. कुणीतरी जर्मन आजोबा पावाच्या दुकानात रांगेत उभे आहेत, दोन शेजारणी कचऱ्याच्या डब्यावरून हातवारे करताहेत, असलं काहीतरी. तीनदा आवाजाविना पाहायचं. मग ते काय म्हणताहेत ते मराठीत सांगायचं. मग तेच, अजूनही आवाज बंद, आपण जर्मनमध्ये त्यांच्या तोंडात घालायचं. आणि सगळ्यात शेवटी आवाज. आमचं वाक्य आणि टीव्हीतल्या माणसाचं वाक्य जुळलं नाही, तर सर आम्हाला कधी चूक म्हणाले नाहीत. टीव्हीतल्या माणसाकडे बघून म्हणायचे, "त्याला सुचलं न्हाय."

जळकोटचं घोडं मराठीतही अडायचं. चिडलेल्या माणसाच्या तोंडात घालायला त्याला आधी कानडीच सुचायची. सर म्हणायचे, "येऊ दे. पोटातली भाषा आधी भाईर पडू दे, मग जागा व्हईल दुसरीला." त्यामुळे त्या शेजारणी आमच्या वर्गात आधी कानडीत, मग मराठीत आणि मग जर्मनमध्ये भांडायच्या. कचऱ्याचा एक डबा, पण तीन भाषांत गाजला.

जर्मन क्लिपा संपल्या की सरांनी जपून ठेवलेल्या लग्नाच्या क्लिपा निघायच्या. त्यातली रुसलेल्या काकाची क्लिप आमची लाडकी होती. पंगत बसली आहे, एक काका ताटावरून उठून मांडवाच्या कडेला जाऊन उभे आहेत, दोघं त्यांची मनधरणी करताहेत. जळकोटने त्या काकांना सुंदर जर्मन दिली होती. "मला भूक नाही. मला फेटा बांधला नाही. या घरात मी पाणीही पिणार नाही." हे म्हणताना तो समोरचं ताट लोटल्यासारखा हात करायचा. एक दिवस हे चालू असताना जिन्यात पावलं वाजली आणि खालच्या भट्टीचे मालक वर आले. ते दारातच थबकले. टीव्हीवर वीस वर्षांपूर्वीचे ते स्वतः होते, रुसलेले, आणि जळकोटच्या आवाजात जर्मन बोलत होते.

आम्ही रिमोट शोधायला लागलो. जागा त्यांची, वीज त्यांची. सरांनी मात्र तळवा वर केला. "दम धरा. तुमी म्हननार, आधी हे बंद करा."

"न्हाय," मालक म्हणाले. "परत लावा. काय म्हनायलोय मी?"

जळकोटने घाबरत घाबरत मराठीत सांगितलं. मालक सतरंजीवर बसले. क्लिप परत पाहिली. मग म्हणाले, "चुकीचं हाय. फेटा बांधला व्हता मला. पन जांभळा बांधला. नवरदेवाच्या मामाला लाल अन् मला जांभळा. तेवढं नीट करून घ्या."

सरांनी तिथल्या तिथं सगळ्या वर्गाकडून जांभळ्या रंगाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते घोटून घेतलं. त्या संध्याकाळी खालून पानावर खवा आला. इतकी वर्षं तोंडावाटे बाहेर न पडलेलं दुःख त्या माणसाने परक्या भाषेत एकदा ऐकून घेतलं, आणि त्याला बरं वाटलं असावं, असं मला आपलं वाटतं.

हे सगळं खरं, पण मी बोलत नव्हते. लिहायला सांगा, पानभर लिहीन. उभं केलं की तोंडात मिठाची गुळणी. इतर कुठल्याही मास्तरांनी दोन मिनिटं वाट पाहून पुढच्याला उठवलं असतं. सर पुढे जात नसत. तळवा वर करून, "दम धर" म्हणून उभे राहायचे. हा "दम धर" बाजारातल्यासारखा नव्हता. बाजारात ते लोकांची वाक्यं पळवायचे, वर्गात मात्र आमचं वाक्य त्यांनी एकदाही पुरं केलं नाही. एकदा अकरा मिनिटं गेली. जळकोटने घड्याळ लावून पाहिलं होतं. मागे काकूंच्या शेंगा फुटत होत्या, खाली कढईत उलथनं फिरत होतं, आणि सर त्या पवनचक्कीसारखे उभे. अकराव्या मिनिटाला मी एक वाक्य बोलले. ते चुकलं होतं. सरांनी हात खाली केला आणि म्हणाले, "झालं. बस."

हळूहळू माझ्या डोक्यात त्या तळव्याचा अर्थ पक्का झाला. तळवा वर आहे तोवर कुणी मध्ये बोलणार नाही, हसणार नाही, घड्याळ बघणार नाही. तेवढी जागा तुझी. मला दुसरं काही नको होतं.

त्या सुमारास बसस्टँडजवळ एक नवा क्लास निघाला. एसी, खुर्च्या, भिंतीवर शिकवणाऱ्यांची प्रमाणपत्रं. एका मुलीचे वडील आमच्या माडीवर आले, भिंतीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, शेंगा फोडणाऱ्या काकूंकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, तुमच्याकडं परमानपत्र कशाचं हाय?"

सरांचा तळवा अर्ध्यावर आला आणि तसाच खाली गेला. मी तो तसा खाली जाताना पहिल्यांदाच पाहिला आणि मला त्या गृहस्थांचा भयंकर राग आला. त्या महिन्यात पंधराचे आम्ही सहा उरलो.

एक दिवस मी परीक्षेचा फॉर्म भरायला निघाले, तर सर म्हणाले, "ईट, दोन भर. मी बी बसतो."

काकू मागून म्हणाल्या, "साठी झाली. लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं सोडून आता परीक्षा देतेत."

"पास झालो तर कागद भिंतीला," सर म्हणाले. "न्हाय झालो तर क्लास बंद. तुझा टीव्ही घरी."

"मग व्हा नापास," काकू म्हणाल्या आणि शेंग फोडली.

आता दोघांचं एकाच परीक्षेवर आलं. माझी नोकरी आणि सरांचा क्लास.

पुण्याला आम्ही आदल्या दिवशी गेलो, काकूंच्या बहिणीकडे उतरलो. सरांनी लग्नाच्या शूटिंगचा ठेवणीतला सफारी घातला होता. सरांचे बाकीचे तीन भाग झाले, माझा बोलण्याचाच तेवढा उरला होता. बोलण्याच्या परीक्षेला उमेदवार जोडीने आत सोडतात, आधी एकेकट्याने थोडं बोलायचं आणि मग दोघांनी मिळून एखाद्या गोष्टीचा बेत ठरवायचा, असं असतं. जोड्यांची यादी दारावर लागली होती. फॉर्म मी एकापाठोपाठ एक भरलेले, तेव्हा दुसरं काय होणार होतं. माझी जोडी सरांशी होती. मला वाटलं, संपलं. निदान अनोळखी माणसासमोर माझी शोभा झाली असती तर बरं.

एकट्याचा भाग सरांनी बरा केला. पवनचक्कीवर बोलले, क्रियापदं सगळी शेवटी नेऊन ठेवली. मी कसंबसं निभावलं. मग जोडीचा कागद पुढ्यात आला. एक सहकारी इस्पितळात आहे, त्याला भेटायला कधी जायचं, काय न्यायचं, कसं जायचं, ते दोघांनी मिळून ठरवा. कुणीही सुरुवात करायची होती. मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. तीच खोली, त्याच बाई, चष्म्याची तीच दोरी.

तेव्हा टेबलाच्या पलीकडे सरांचा उजवा तळवा वर आला. फार नाही, टेबलापासून चार बोटं. डोळे बारीक झाले.

आणि माझी दातखीळ सुटली. "शनिवारी जाऊ या," मी म्हणाले. आता सरांनी उत्तर द्यायचं होतं. ते देईनात. तळवा तसाच. चार महिन्यांत मला एकच गोष्ट शिकवलेली होती, समोरचा बोलत नसेल तर त्याचं तोंड आपण व्हायचं. मी त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल, शनिवारी गर्दी असते," मी म्हणाले, "मग रविवारी जाऊ." सरांनी मान हलवली. "तुम्हाला फुलं न्यायची आहेत, पण मी नर्स आहे, आमच्या वॉर्डात फुलं चालत नाहीत. फळं नेऊ." सरांच्या भुवया वर गेल्या. "तुम्हाला फळं आवडत नाहीत, ते मला माहीत आहे. तुम्ही आजाऱ्यालासुद्धा खवा न्याल. डॉक्टर आपल्याला बाहेर काढतील." बाई हसल्या. मला तर थांबताच येईना. जाण्यायेण्याची बस ठरवली, त्यावर सरांची हरकत मीच घेतली, मीच खोडून काढली. बाईंनी दोनदा सरांना विचारलं, "आणि आपलं काय मत?" दोन्ही वेळा सरांनी शांतपणे, स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, "ती आता सांगेल." वेळ संपली तेव्हा मी अजून बोलतच होते.

परतीच्या एसटीत मला ते ध्यानात आलं. सगळा वेळ मी खाल्ला होता.

"सर, तुम्ही बोलला का नाहीत?"

"सवय," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तोंड उघडून गप झालेलं मानूस दिसलं की हात वर जातोय. माझा इलाज न्हाय त्याला." आणि मग टेंभुर्णीपर्यंत पेरू खात राहिले. पाहणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस परीक्षेला नव्हे, पेरू आणायला गेला होता.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. मी पास झाले. सर ऐकण्यात जवळजवळ पैकीच्या पैकी, वाचण्यात पास, लिहिण्यात पास, बोलण्यात नापास. त्यांनीच मला फोन करून सांगितलं. "तीन गावं घेतली. चौथ्यात आवाज बंद." आणि हसले. मला हसू आलं नाही. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले, माझा पेढा मी तसाच ताटलीत ठेवला. मी स्वतःची समजूत घालायचे की सवयच ती, सर स्वतः तसं म्हणाले आहेत. पण ज्या माणसाने त्याच खोलीत आधी पवनचक्कीवर न थांबता बोलून दाखवलं, त्याची सवय नेमकी पुढच्या पाच मिनिटांतच कशी आडवी आली? हा तो प्रश्न. सवय असेल, तर माझं नशीब. सवय नसेल, तर त्या माणसाने आपला क्लास माझ्या नोकरीसाठी समजून उमजून सोडला होता, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. जाण्याआधी पाया पडायला गेले तेव्हाही मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली, हे कबूल करते.

क्लासचं काय झालं ते मला जळकोटने पुढे फोनवर सांगितलं. सर बोलल्याप्रमाणे टीव्ही काढायला स्टुलावर चढले, तर काकू म्हणाल्या, "खाली उतरा. टीव्ही हलवायचा न्हाय. घरी एकटीनं काय बघू मी?" सहा वर्षं ज्या टीव्हीसाठी त्या बाईने नवऱ्याला फैलावर घेतलं, तो त्यांनी तिथंच ठेवायला लावला. मग सरांनी भिंतीवर चार चौकटी ठोकल्या. तिन्हींत पास झाल्याचे तीन कागद. चौथी रिकामी, नुसती काच. कुणी पालक आले की विचारायचेच, ही रिकामी कशाला? सरांचा तळवा वर. "दम धरा. तुमीच सांगा." लोक आपापल्या परीने सांगायचे. कुणी म्हणे कागद यायचा आहे, कुणी म्हणे वाळवी लागली. सर सगळ्यांना म्हणायचे, "असंल." सहाचे परत अकरा झाले. जळकोटही पुढच्या खेपेला पास झाला.

दोन वर्षांनी मी रजेवर आले. दुसऱ्याच दिवशी भूम गाठलं. जिन्यात खव्याचा तोच वास. वर नवी पोरं, नवी गावं, तोच टीव्ही, मागे त्याच काकू आणि तेच सूप. माझ्या पिशवीत माझ्या बोलण्याच्या परीक्षेच्या प्रमाणपत्राची रंगीत प्रत होती. चौकटीचं माप मी जळकोटकडून मागवून घेतलं होतं. एसटीत सगळं वाक्य जुळवून ठेवलं होतं. रिकाम्या चौकटीखाली उभी राहिले, प्रत बाहेर काढली आणि म्हणाले, "सर, मला..."

तळवा वर आला.

"दम धर." सर वर्गाकडे वळले. "आवाज बंद. ही ईट. हिला काय म्हनायचंय? आधी मराठीत सांगा."

पोरं माझ्याकडे निरखून बघायला लागली. आपण क्लिपमध्ये असलो की कसं वाटतं, ते मला दुसऱ्यांदा कळलं. आमच्या शेजारच्या वाशी तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, "तिकडं लई थंडी हाय म्हनायल्या." दुसरा म्हणाला, "सरांस्नी कागद दाखवायल्यात, पास झाल्याचा."

"खांदे बघा," सर म्हणाले.

कुणाला सांगता येईना. मग माझ्या लक्षात आलं की मागे शेंगा फुटायच्या थांबल्या आहेत. काकूंनी सूप बाजूला सारलं.

"ती म्हनायलीय," काकू म्हणाल्या, "तवा तुमी सवयीनं गप बसला न्हवता. पोरीला बोलता यावं म्हनून बसला व्हता."

खाली कढईत उलथनं फिरत होतं. सरांनी काकूंकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच बघत होते, डोळे बारीक करून. तळवा खाली आला नाही.

"बरोबर," सर म्हणाले. "आता जर्मनमधी."

ते मला म्हणाले होते. दोन वर्षं त्या देशात राहून, वाद घालून, स्वप्नंसुद्धा त्या भाषेत पाहून आलेली मी, हातात कागद धरून उभी राहिले आणि मला एक क्रियापद सापडेना. पोरं वाट पाहत होती. कुणी हसलं नाही. सर तळवा धरून उभे होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.